पहिले नाव कोठे गेले? : जावास्क्रिप्टमधील आवर्तनाचा एक पाठ

स्मरणिकेत आठवणी असतात, छायाचित्रे असतात, देणगीदारांचे ऋणनिर्देश असतात. त्यांत संगणकाच्या भाषेचा पाठ कशासाठी, असा प्रश्न आदरणीय पालकांच्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर याच अंकाच्या शेवटी छापलेल्या नामावलीत आहे. ती नामावली सिद्ध करताना आमच्या हातून एक चूक घडली आणि ती शाळेतील एका विद्यार्थिनीने दाखवून दिली. ती चूक समजून घ्यायची तर आवर्तन, म्हणजे लूप, ही संकल्पना समजून घ्यावी लागते. म्हणून हा पाठ.

आम्ही इतिहासाचे शिक्षक. संगणकाशी आमचा संबंध प्रश्नपत्रिका टंकण्यापुरता होता. वयाच्या पन्नाशीनंतर, शाळेच्या संगणक कक्षात मुलांच्या मागच्या बाकावर बसून आम्ही जावास्क्रिप्ट शिकू लागलो. जे आम्हांला या वयात उमगले ते कोणाही वाचकाला उमगेल, या विश्वासानेच आम्ही पुढील मजकूर लिहीत आहोत.

पुनरावृत्ती आपल्या ओळखीची आहे

आमच्या पिढीने पाढे सूर लावून म्हटले. बे एके बे, बे दुणे चार. पुढे पावकी, निमकी, सवायकी, दिडकी. त्या सुरामागे एक पक्की रचना होती. पाढ्याचा आकडा तोच राहतो, गुणक प्रत्येक ओळीला एकाने वाढतो आणि दहावर पोहोचलो की थांबायचे. कोठून सुरू करायचे, कोठवर जायचे आणि दर पावलाला काय बदलायचे, या तीन गोष्टी ठरल्या की पाढा आपोआप पुढे सरकतो.

वसतिगृहातही हेच दिसते. जेवणाच्या पंगतीत वाढणाऱ्या मुलाला आपण म्हणतो, “प्रत्येक ताटात एक भाकरी वाढ.” पहिल्या ताटात एक, दुसऱ्या ताटात एक, असे त्याला ताटागणिक सांगावे लागत नाही. सूचना एकदा दिली जाते, कृती अनेकदा घडते. संगणकाला दिलेल्या अशा सूचनेला लूप म्हणतात. आम्ही त्यास आवर्तन म्हणतो.

फरक एवढाच की वाढणारा मुलगा विचारी असतो. पंगत संपली की तो थांबतो. एखादे ताट राहिले तर कोणीतरी हाक मारते आणि तो मागे वळतो. संगणक मागे वळत नाही. त्याला जेथून सुरू कर म्हटले तेथूनच तो सुरू करतो आणि जेथे थांब म्हटले तेथेच थांबतो.

फॉर : संख्या ठाऊक असताना

सतराचा पाढा छापण्याची आज्ञा जावास्क्रिप्टमध्ये अशी लिहितात :

फॉर (लेट क्र = १; क्र <= १०; क्र++) {
कन्सोल.लॉग(१७ * क्र);
}

येथे वाचनाच्या सोयीसाठी सर्व मजकूर देवनागरीत छापला आहे. प्रत्यक्ष टंकताना फॉर, लेट, कन्सोल.लॉग यांसारखे भाषेचे ठरलेले शब्द आणि अंक रोमन लिपीतच टंकावे लागतात. मात्र ‘क्र’ हे आपण ठेवलेले नाव आहे आणि अशी नावे या भाषेत देवनागरीतही चालतात. आपल्या लिपीतील अक्षर त्या पडद्यावर निमूटपणे काम करताना पाहून आम्हांला मोठा आनंद झाला होता.

साध्या कंसात अर्धविरामांनी वेगळे केलेले तीन भाग आहेत. पहिला आरंभ : क्र ची किंमत १ धरा. दुसरा अट : क्र १० पेक्षा लहान किंवा १० इतका आहे का? तिसरा पाऊल : क्र एकाने वाढवा. महिरपी कंसात लिहिलेले ते प्रत्येक फेरीचे काम.

यांचा क्रम नीट ध्यानात घ्यावा. आरंभ एकदाच होतो. मग अट तपासली जाते. ती खरी ठरली तर काम होते, त्यानंतर पाऊल पडते आणि पुन्हा अट तपासली जाते. क्र १० असताना १७० छापले जाते, क्र ११ होतो, अट खोटी ठरते आणि आवर्तन संपते. म्हणजे काम दहा वेळा होते, पण अट अकरा वेळा तपासली जाते. ही अकरावी तपासणी ज्याला समजली त्याला आवर्तन समजले, असे आम्ही मुलांना सांगतो.

व्हाइल : जोवर आणि तोवर

किती फेऱ्या लागतील हे नेहमीच आधी ठाऊक नसते. अशा वेळी आपण मराठीत ‘जोवर’ आणि ‘तोवर’ वापरतो. जोवर हंडा भरत नाही तोवर पाणी ओत. जावास्क्रिप्टमधील व्हाइल हा शब्द नेमका हेच म्हणतो. त्याच्या कंसात केवळ अट असते. आरंभ आधी लिहावा लागतो आणि पाऊल कामाच्या आत. १ ते १०० या संख्यांची बेरीज अशी करता येते :

लेट बेरीज = ०;
लेट क्र = १;
व्हाइल (क्र <= १००) {
बेरीज = बेरीज + क्र;
क्र++;
}
कन्सोल.लॉग(बेरीज);

उत्तर ५०५० येते. ते हातानेही पडताळता येते. १ आणि १०० मिळून १०१, २ आणि ९९ मिळून १०१, अशा ५० जोड्या. १०१ गुणिले ५० म्हणजे ५०५०. यंत्राचे उत्तर असे दुसऱ्या मार्गाने तपासण्याची सवय मुलांना पहिल्या दिवसापासून लावावी.

या आज्ञेतील ‘क्र++’ ही ओळ लिहिण्यास आम्ही एकदा विसरलो. क्र कायम १ राहिला, अट कायम खरी राहिली आणि संगणक एकात एक मिळवीत बसला. पान गोठले, माऊस हलला तरी काही उमटेना. शेवटी ते पान बंद करावे लागले. याला अंतहीन आवर्तन म्हणतात. शिकणारा प्रत्येक जण एकदा तरी त्यात सापडतो. त्याने यंत्र बिघडत नाही, हे मुलांना आवर्जून सांगावे, कारण यंत्र बिघडण्याच्या धास्तीने पहिल्या पिढीतील शिकणारी मुले हात आखडता घेतात.

आणखी एक सापळा आहे. एक बरोबरचिन्ह म्हणजे ‘किंमत द्या’ आणि तीन बरोबरचिन्हे म्हणजे ‘समान आहे का?’ अटीच्या जागी चुकून ‘क्र = १००’ लिहिले तर यंत्र प्रश्न विचारीत नाही; ते प्रत्येक फेरीत क्र ला १०० करून टाकते. १०० ही शून्येतर संख्या असल्याने अट खरीच धरली जाते आणि आवर्तन थांबत नाही.

व्हाइलचा एक भाऊबंद आहे, डू-व्हाइल. तो काम आधी करतो व अट नंतर तपासतो. आमटीत मीठ घाला, चव घ्या आणि जोवर अळणी लागते तोवर पुन्हा तेच करा. मीठ घालून चव घेणे एकदा तरी घडतेच. जेथे काम किमान एकदा व्हायलाच हवे तेथे हा प्रकार योग्य.

थोडा इतिहास

इतिहासाच्या शिक्षकाला पूर्वपीठिका सांगितल्याशिवाय चैन पडत नाही, याबद्दल वाचक क्षमा करतील. १८४३ साली एडा लव्हलेस यांनी चार्ल्स बॅबेज यांच्या नियोजित ॲनालिटिकल इंजिनविषयीच्या एका फ्रेंच लेखाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला आणि त्यास स्वतःच्या विस्तृत टिपा जोडल्या. बर्नुली संख्या यंत्राकडून कशा काढून घेता येतील याची पायरीवार मांडणी त्यांत आहे आणि त्या मांडणीत क्रियांचा एक गट पुन्हा पुन्हा वापरला आहे. बॅबेज यांच्या हयातीत ते यंत्र पूर्ण झाले नाही. आवर्तनाची कल्पना मात्र कागदावर उतरलेली होती.

१९५७ साली आयबीएमच्या फोर्ट्रान भाषेत आवर्तनासाठी स्वतंत्र आज्ञा होती. १९७० च्या दशकाच्या आरंभी बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी सी भाषा घडवली. वर पाहिलेली तीन भागांची फॉर आज्ञा जावास्क्रिप्टने त्याच परंपरेतून घेतली. जावास्क्रिप्टचे पहिले रूप १९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आईक यांनी अवघ्या दहा दिवसांत उभे केले. १९९७ साली तिचे प्रमाण स्वरूप इक्मास्क्रिप्ट या नावाने प्रसिद्ध झाले.

आमच्यासारख्या शाळांच्या दृष्टीने या इतिहासातील मोलाची गोष्ट अशी की ही भाषा प्रत्येक ब्राउझरमध्ये आधीपासूनच असते. ती शिकण्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही. जुना संगणक चालतो. बहुतेक संगणकांवर ब्राउझर उघडून एफ-१२ ही कळ दाबली आणि कन्सोल निवडला की आज्ञा लिहिण्याची जागा समोर येते. वीटभट्टीवर काम करणाऱ्या पालकाचे मूल आणि महानगरातील महागड्या शाळेतील मूल, दोघांनाही तेथे एकच कोरी ओळ मिळते.

नामावलीत घडलेली चूक

आता मूळ प्रसंगाकडे येऊ. स्मरणिकेसाठी पहिल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांची यादी छापायची ठरले. शाळेचे जुने जनरल रजिस्टर काढले. कडा झिजलेल्या, शाई फिकट झालेल्या त्या पानांवर ४२ नावे होती. ती मुलांनी संगणकात भरली आणि त्या यादीला ‘नावे’ असे नाव दिले. यादी क्रमाने छापण्यासाठी आम्ही मोठ्या उत्साहाने स्वतः आज्ञा लिहिली :

फॉर (लेट क्र = १; क्र <= नावे.लेंग्थ; क्र++) {
कन्सोल.लॉग(नावे[क्र]);
}

लेंग्थ म्हणजे यादीतील नोंदींची संख्या, येथे ४२. चौकटी कंसात क्रमांक दिला की त्या जागेवरचे नाव मिळते. पडद्यावर ओळी उमटल्या. आम्ही त्या मोजल्या. बरोबर ४२ भरल्या. शेवटच्या ओळीत नावाऐवजी ‘अनडिफाइन्ड’ असा एक परका शब्द होता. यंत्राची काही खोड असेल असे समजून आम्ही तो पुसला आणि यादी छापायला दिली.

पूर्वतयारीच्या बैठकीला पहिल्या वर्षीचे काही विद्यार्थी आले होते. त्यांतील एक आज गवंडीकाम करतात. त्यांची मुलगी याच शाळेच्या वसतिगृहात राहून नववीत शिकते. कच्ची यादी हाती आल्यावर त्यांनी प्रत्येक ओळीवरून बोट फिरवले, पुन्हा वरून सुरुवात केली आणि हळूच म्हणाले, “सर, माझं नाव दिसत नाही. मी तर पहिल्याच दिवशी आलो होतो.”

आम्ही रजिस्टर उघडले. दाखल क्रमांक १ समोर त्यांचेच नाव होते. शाळा ज्याच्या प्रवेशाने सुरू झाली, तोच विद्यार्थी यादीत नव्हता.

आम्ही संगणकापुढे बसलो. मुलगी मागे उभी राहून पडदा वाचत होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, “सर, तुम्ही क्र एकपासून घेतलाय. यादी शून्यापासून मोजतात ना?”

मोजणी शून्यापासून का?

जावास्क्रिप्टमध्ये यादीतील पहिल्या नोंदीचा क्रमांक ० असतो, दुसरीचा १, आणि ४२ नोंदींच्या यादीत शेवटचीचा ४१. हा क्रमांक ‘कितवा’ हे सांगत नाही. ‘आरंभापासून किती अंतरावर’ हे सांगतो. नागपूरच्या झिरो माईल स्तंभापाशी उभा असलेला मनुष्य त्या स्तंभापासून शून्य मैल दूर असतो. बाळाचे पहिले वर्ष चालू असते तेव्हा त्याची पूर्ण झालेली वर्षे शून्य असतात. यादीतील पहिली नोंद आरंभापासून शून्य घरे दूर आहे, म्हणून तिचा क्रमांक ०.

आम्ही १ पासून सुरू केले, म्हणून ० क्रमांकाचे नाव राहून गेले. आम्ही ४२ पर्यंत गेलो, पण ४२ क्रमांकाची नोंद अस्तित्वातच नव्हती. नसलेल्या जागी काय आहे असे विचारल्यावर यंत्राने ‘अनडिफाइन्ड’, म्हणजे येथे काहीही ठरलेले नाही, असे उत्तर दिले. एक नाव गेले आणि एक रिकामी ओळ आली. त्यामुळे ओळी ४२ भरल्या आणि आमची मोजणी फसली.

या चुकीची बोच आम्हांला अधिक लागली ती दोन कारणांनी. चूक झाल्याचा एकमेव पुरावा म्हणजे तो परका शब्द होता आणि तोच आम्ही आपल्या हाताने पुसला. पुरावा अडचणीचा वाटला तरी तो नष्ट करू नये, हे आम्ही आयुष्यभर वर्गात सांगत आलो. दुसरे कारण अधिक खोल आहे. आपल्या समाजाला दप्तरांत नाव नसण्याचा अनुभव जुना आहे. तेथे पुष्कळदा नावे हेतुपुरस्सर वगळलेली असत. येथे तसा हेतू नव्हता. पण ज्याचे नाव गेले त्याला कागदावर हा फरक दिसत नाही. त्याला फक्त आपली रिकामी जागा दिसते.

आज शिष्यवृत्तीच्या, प्रवेशाच्या, शिधापत्रिकांच्या याद्या संगणकावर तयार होतात. त्यांमागे कोठेतरी अशीच आवर्तने फिरत असतात. ‘संगणकात नाव नाही’ हे वाक्य ऐकून निमूटपणे परत फिरणारा मनुष्य आणि ‘यादी कोठून मोजली?’ असे विचारणारा मनुष्य, यांत मोठे अंतर आहे. आपली मुले हा दुसरा प्रश्न विचारू शकतील, एवढ्यासाठी तरी त्यांनी आवर्तन शिकावे.

दुरुस्ती आणि खबरदारी

दुरुस्ती छोटी आहे. आरंभ क्र = ० असा करावा आणि अट क्र < नावे.लेंग्थ अशी लिहावी. ‘पेक्षा लहान’ एवढेच, ‘किंवा बरोबर’ नाही. त्याहून सुरक्षित मार्ग २०१५ पासून या भाषेत उपलब्ध आहे :

फॉर (कॉन्स्ट नाव ऑफ नावे) {
कन्सोल.लॉग(नाव);
}

याचा अर्थ, ‘नावे’ या यादीतील प्रत्येक नावासाठी हे काम कर. येथे आरंभ, अट, पाऊल काहीच आपण लिहीत नाही, म्हणून ते चुकण्याचा प्रश्नही उद्भवत नाही. पंगतीतील ‘प्रत्येक ताटात’ या सूचनेसारखेच हे आहे. सर्वांपर्यंत पोहोचायचे असेल तेव्हा याच प्रकाराला प्राधान्य द्यावे आणि क्रमांकाची खरोखर गरज असेल तेव्हाच जुन्या फॉरकडे वळावे.

आणखी दोन शब्द उपयोगी पडतात. ब्रेक म्हणजे आवर्तनातून तत्काळ बाहेर पडणे. रजिस्टरात हवे ते नाव सापडले की पुढची पाने चाळत नाहीत, तसे. कंटिन्यू म्हणजे ही फेरी अर्धवट सोडून पुढच्या फेरीकडे जाणे; गैरहजर विद्यार्थ्याची वही न तपासता पुढची वही घेतात, तसे.

त्या दिवसापासून आम्ही संगणक कक्षाच्या फळ्यावर तीन सूचना लिहून ठेवल्या आहेत. पहिली ओळ मूळ कागदाशी ताडून पाहा. शेवटची ओळ ताडून पाहा. न समजलेला शब्द अर्थ विचारल्याखेरीज पुसू नका.

सराव

पालकांनी मुलांसोबत बसून पुढील प्रश्न सोडवावेत. मुलांना शिकवू द्यावे, आपण शिकावे.

१. एकोणतीसचा पाढा १ ते १० पर्यंत छापा. शेवटची ओळ २९० आली पाहिजे.

२. २ पासून १०० पर्यंतच्या सम संख्यांची बेरीज करा. पाऊल ‘क्र = क्र + २’ असे ठेवावे. उत्तर २५५०.

३. १० पासून १ पर्यंत उलटी मोजणी करा. पाऊल ‘क्र--’ असे लागेल. चुकून ‘क्र++’ लिहिले तर काय होईल, ते आधी कागदावर सांगा.

४. आठवड्याचे ६ दिवस आणि दररोज ८ तासिका असे वेळापत्रक छापा. दिवसांच्या आवर्तनाच्या पोटात तासिकांचे आवर्तन घालावे लागेल. एकूण ४८ ओळी येतील.

५. घरातील पाच जणांच्या नावांची यादी करा. मुद्दाम १ पासून मोजा आणि कोण राहिले ते पाहा. मग दुरुस्त करा.

विनंती

आपले काही माजी विद्यार्थी आज संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करतात. त्यांनी शाळेला आठवड्यातून एक तास द्यावा. देणगीपेक्षा आम्हांला तो तास हवा आहे, कारण मुले चुकतात तेव्हा त्यांच्याजवळ बसून ‘ही अट पुन्हा वाच’ असे सांगणारे माणूस लागते. शहरापासून दूर असणाऱ्यांना दूरध्वनीवरूनही हे करता येईल.

या अंकाच्या शेवटी छापलेली नामावली दुरुस्त आवर्तनातून निघाली आहे. तरीही दोन विद्यार्थिनींनी ती रजिस्टरासमोर धरून, एकीने वाचून व दुसरीने बोट ठेवून, पुन्हा तपासली. त्यांतील एक तीच नववीतील मुलगी. पहिल्या ओळीवर तिच्या वडिलांचे नाव आहे. पुढील वर्षांच्या याद्यांचे काम चालू आहे. जुन्या रजिस्टरांची काही पाने वाचण्यास कठीण झाली आहेत. आपले अथवा आपल्या सोबत्याचे नाव कोठे राहिल्याचे आढळल्यास संकोच न करता शाळेस कळवावे. आम्ही पुन्हा शून्यापासून मोजू.